वेरोनिकाने वाट पाहिली नाही

१९५७ च्या ऑक्टोबर महिन्यात मॉस्कोत 'लेत्यात झुरावली' नावाचा एक कृष्णधवल सिनेमा लागला. नावाचा अर्थ 'क्रौंच उडताहेत'. इंग्रजीत तो 'द क्रेन्स आर फ्लाइंग' म्हणून ओळखला जातो. (माझ्या रूममेटला हे नाव ऐकून बांधकामावरची क्रेन आठवली. इंजिनियर माणूस, दुसरं काय आठवणार!) दिग्दर्शक मिखाईल कालातोझोव्ह, कॅमेरामन सर्गेई उरुसेव्हस्की, नायिका तात्याना सामोइलोवा, नायक अलेक्सेई बतालोव्ह. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, कान महोत्सवात त्याला सर्वोच्च 'पाम द'ऑर' मिळालं. घरच्या मैदानातही सिनेमा चालला, सुमारे २ कोटी ८० लाख लोकांनी तिकीट काढून पाहिला. आता हा आकडा ऐकून कुणी भारावून जाण्याआधी सांगतो, आपल्या राज कपूरचा 'आवारा' १९५४ साली तिकडे लागला तेव्हा त्याला सहा कोटींच्या वर प्रेक्षक मिळाले होते. असो.

या सिनेमाबद्दल लिहिणारे बहुतेक जण कॅमेऱ्याबद्दल लिहितात. आणि ते बरोबरच आहे, उरुसेव्हस्कीने जे करून ठेवलंय ते आजही बघताना 'हे कसं केलं असेल राव' असं होतं. नायिका बसमधून उतरते, गर्दीतून धावते, आणि कॅमेरा तिच्याबरोबर बसमधून उतरून, गर्दीतून धावत, शेवटी उंच वर जातो. ती खाली रणगाड्यांच्या मधून रस्ता ओलांडताना दिसते. मधे कुठेही कट नाही. पण मला आज कॅमेऱ्याबद्दल बोलायचं नाहीये. कारण ज्या लोकांनी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला ते कॅमेऱ्यावरून भांडले नाहीत. ते भांडले एका मुलीवरून.

आधी गोष्ट सांगतो. ज्यांना सिनेमा बघायचा आहे त्यांनी इथे थांबावं. सत्तरएक वर्षं जुन्या सिनेमाचा शेवट फोडल्याबद्दल मला शिव्या खायच्या नाहीत :)

मॉस्को, जून १९४१. बोरिस आणि वेरोनिका प्रेमात आहेत. तो तिला 'खार' म्हणतो. २२ जूनला जर्मनीने हल्ला केला. बोरिसला खरं तर सूट मिळू शकली असती, पण तो तिला न सांगता स्वतःहून सैन्यात नाव देऊन येतो. निरोपाच्या दिवशी तिला पोचायला उशीर होतो. गर्दीत ती त्याला शोधत राहते, तो तिला शोधत राहतो, भेट होत नाही. तिने आणलेला बिस्किटांचा पुडा ती त्याच्या दिशेने फेकते आणि बिस्किटं चालत्या सैनिकांच्या बुटांखाली चिरडली जातात. तो तिच्यासाठी एक खेळण्यातली खार ठेवून गेलाय, तिच्या टोपलीत तळाशी एक चिठ्ठी आहे. ती चिठ्ठी तिला सापडत नाही.

मग बाँबहल्ल्यात तिचं घर जातं, आईवडील जातात. बोरिसचे वडील फ्योदोर इवानोविच, पेशाने डॉक्टर, तिला आपल्या घरी घेऊन येतात. त्याच घरात बोरिसचा चुलतभाऊ मार्क राहतो. पियानो वाजवतो, सैन्यात गेलेला नाही. बोरिसचं पत्र येत नाही. एका रात्री हवाई हल्ल्यात घरात हे दोघंच असतात. काचा फुटताहेत, तो पियानो बडवतोय, मग तो तिच्याकडे येतो. ती त्याला थोबाडीत मारते. एकदा नाही, परत परत, आणि प्रत्येक वेळी 'नाही' म्हणते. शेवटी तिची शुद्ध हरपते आणि तो तिला उचलून फुटक्या काचांवरून चालत आत नेतो. लगेच पुढच्या दृश्यात बोरिस एका दलदलीत, जखमी साथीदाराला वाचवताना गोळी लागून मरतो. आणि त्याच्यानंतर मार्क घरच्यांना सांगतो की आम्ही लग्न करतोय. वेरोनिका शेजारी उभी असते, फाशीची शिक्षा ऐकलेल्या माणसासारखी.

भांडण इथे सुरू होतं.

बोरिस मेला हे आपल्याला माहीत आहे, तिला नाही. त्याच्या घरच्यांनाही नाही. कागदोपत्री तो 'बेपत्ता' आहे. सोव्हिएत युद्धात 'बेपत्ता' हा फार वाईट शब्द होता. मेलेल्याच्या नावाने निदान रडता तरी येतं. बेपत्ता माणूस शत्रूच्या हातात जिवंत सापडला असेल तर? ऑगस्ट १९४१ च्या २७० नंबरच्या हुकुमानुसार शत्रूला शरण जाणारा सैनिक म्हणजे गद्दार, आणि त्याचे घरचेही शिक्षेला पात्र. तेव्हा 'बेपत्ता' म्हटलं की आशा, भीती आणि शेजाऱ्यांची संशयी नजर असं सगळं एकदम यायचं. अशा माणसाची वाट किती दिवस पाहायची?

या प्रश्नाचं सरकारी उत्तर तयार होतं, आणि ते चक्क एका कवितेत होतं. कोन्स्तान्तिन सिमोनोव्ह हा कवी आणि युद्धवार्ताहर. त्याने १९४१ च्या उन्हाळ्यात आपल्या प्रेयसीसाठी, व्हालेन्तिना सेरोवा या नटीसाठी, 'वाट पहा माझी' ही कविता लिहिली. १४ जानेवारी १९४२ ला ती 'प्राव्दा'त छापून आली. 'प्राव्दा' म्हणजे पक्षाचं मुखपत्र, तिथे प्रेमकविता! कवितेचा सारांश असा की तू वाट पाहिलीस तर मी मरणार नाही. सैनिकांनी ती कात्रणं कापून खिशात ठेवली, हाताने उतरवून बायकांना पाठवली. तिच्यातला गोडवा खरा आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ती उलटी वाचून पहा. माणूस जिवंत राहतो तो बाईच्या वाट पाहण्यामुळे, मग जो मेला त्याच्या बाईचं काय? १९४३ मध्ये याच नावाचा सिनेमा निघाला, पटकथा सिमोनोव्हची आणि नायिका सेरोवाच. त्यात हा हिशोब उघडच मांडलाय. नायिका निष्ठेने वाट पाहते, तिचा पायलट नवरा परत येतो. त्याच्या मित्राची बायको वाट पाहत नाही, आणि तो मित्र मरतो. इफ-एल्स इतकं सरळ!

त्याच वर्षी सिमोनोव्हने आणखी एक कविता लिहिली, विचुगा गावच्या एका बाईला उघड पत्र. या बाईने आघाडीवरच्या नवऱ्याला कळवलं होतं की मला दुसरा माणूस मिळालाय, आता तू मला पत्र लिहू नकोस. पत्र पोचलं तेव्हा नवरा आधीच मेला होता. ते त्याच्या रेजिमेंटमधल्या लोकांनी वाचलं. आणि कविता म्हणजे त्या लोकांच्या वतीने तिला दिलेलं उत्तर. आम्हाला तुझ्याबद्दल आदर नाही, असं सांगून ते पत्र संपतं. वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती चांगली कविता आहे. चांगल्या कवितेने मारलेला फटका जास्त लागतो.

(सिमोनोव्ह आणि सेरोवाचं १९४३ मध्ये लग्न झालं. घटस्फोट झाला १९५७ मध्ये, म्हणजे बरोब्बर क्रौंच उडाले त्या वर्षी. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.)

आता दुसरी बाजू. आघाडीवरच्या पुरुषांनी वाट पाहिली का? सोव्हिएत सैन्यात 'पेपेझे' नावाची एक संज्ञा होती. तीन रशियन शब्दांची आद्याक्षरं, अर्थ साधारण 'छावणीतली बायको'. घरी एक बायको, आघाडीवर नर्स किंवा टेलिफोनवरची मुलगी. अधिकाऱ्यांमध्ये हा प्रकार इतका सर्रास होता की त्याला आद्याक्षरांचा शब्द तयार झाला. या प्रकारावर 'प्राव्दा'त कुणी उघड पत्र लिहिलं नाही. उलट युद्धात गेलेल्या सुमारे आठ लाख बायका परत आल्यावर त्यांच्यातल्या अनेकींना गावात काय ऐकावं लागलं ते स्वेतलाना अलेक्सिएविचच्या १९८५ च्या पुस्तकात त्यांच्याच तोंडून आलंय. पदकं ट्रंकेत लपवून ठेवली कित्येकींनी, कारण पदक म्हणजे 'तू तिकडे होतीस ना' या टोमण्याला आमंत्रण.

यात कायद्यानेही भर घातली. ८ जुलै १९४४ च्या हुकुमाने नोंदणी केलेलं लग्न तेवढंच लग्न ठरलं. घटस्फोट महाग आणि किचकट झाला, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन कोर्टात जावं लागे. लग्नाबाहेर झालेल्या मुलाच्या बापावर आईला दावा करता येईना, दाखल्यावर बापाच्या जागी रेघ. ती रेघ थेट १९६८ पर्यंत टिकली. सरकारला मुलं हवी होती, कारण माणसं संपली होती. किती संपली हेही धड सांगितलेलं नव्हतं. स्टालिनने १९४६ मध्ये सत्तर लाखांचा आकडा दिला. १९६१ मध्ये ख्रुश्चेवने दोन कोटी म्हटलं. १९९० च्या सुमाराला २ कोटी ६६ लाखांचा आकडा पुढे आला. सिनेमा लागला तेव्हा अधिकृत गणित सत्तर लाखांवरच होतं, पण १९५९ च्या जनगणनेत त्या देशात पुरुषांपेक्षा सुमारे दोन कोटी बायका जास्त निघाल्या. म्हणजे थिएटरमध्ये कोण बसलं होतं ते समजा. प्रत्येक रांगेत अशी कुणीतरी जी वाट पाहून आली होती, किंवा जिने पाहिली नव्हती, आणि या दोघी बहुतेक एकमेकींच्या शेजारी.

त्याआधी या प्रेक्षकांना युद्धातलं प्रेम कसं दाखवलं जायचं? १९५० चा 'बर्लिनचा पाडाव' हा सिनेमा पहा (म्हणजे खरं तर पाहू नका). त्यात नायक पोलाद कारखान्यातला कामगार, नायिका शाळामास्तरीण, ती जर्मनांच्या कैदेत. शेवटी बर्लिन जिंकल्यावर खुद्द स्टालिन पांढऱ्या गणवेशात विमानातून उतरतो आणि नायिका त्याचं चुंबन घेते. प्रत्यक्षात तो विजयाच्या दिवशी बर्लिनला गेलाच नव्हता, पण ते जाऊ दे. स्टालिन मेला १९५३ मध्ये, आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेवने पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात त्याच्याविरुद्ध ते प्रसिद्ध गुप्त भाषण केलं. त्यानंतर जी थोडी मोकळीक मिळाली तिच्यात व्हिक्तोर रोझोव्हचं नाटक बाहेर आलं. रोझोव्ह १९४१ मध्ये स्वतः लढायला गेला होता आणि पायाला जबर जखम घेऊन परतला. १९४३ मध्ये त्याने हे नाटक लिहिलं, पण तेव्हा परवानगी मिळाली नाही. साहजिक आहे, विचुगाच्या पत्राच्या वर्षी वाट न पाहणाऱ्या मुलीला माफ करणारं नाटक कोण करू देईल! १९५६ मध्ये मॉस्कोच्या नव्या 'सोव्रेमेन्निक' नाट्यसंस्थेने आपलं पहिलं नाटक म्हणून तेच केलं. सिनेमाची पटकथाही रोझोव्हनेच लिहिली.

आता मला ज्या दृश्याबद्दल बोलायचंय ते. युद्ध चालू आहे, कुटुंब सायबेरियात हलवलेलं आहे. फ्योदोर इवानोविच लष्करी हॉस्पिटलात सर्जन, वेरोनिका तिथेच नर्सचं काम करते. झाखारोव्ह नावाच्या एका जखमी सैनिकाला बातमी येते की त्याच्या मैत्रिणीने दुसऱ्याशी लग्न केलं. तो बँडेज फाडू लागतो, मरायचंय म्हणतो. सगळा वॉर्ड खवळतो. डॉक्टर येतात आणि त्याला शांत करायला एक भाषण देतात. असल्या बायकांसाठी काय रडतोस, त्यांना क्षमा नाही, त्यांच्या वाट्याला पुरुषांचा तिरस्कारच यायचा, वगैरे. वॉर्डातले सगळे माना डोलावतात. आणि दारात वेरोनिका उभी आहे.

हे भाषण म्हणजे सिमोनोव्हच्या कवितेचं गद्य आहे. १९४३ च्या सिनेमात ते जसंच्या तसं चाललं असतं, टाळ्या पडल्या असत्या. इथे शब्द तेच आहेत. फक्त कॅमेरा ज्याच्या तोंडून ते येतात त्याच्याकडे राहत नाही, जिला ते लागतात तिच्याकडे जातो. आणि बोलणारा माणूस खलनायक नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. सिनेमातला सर्वात सभ्य माणूस तो. सुरुवातीला बोरिस निघताना कारखान्यातल्या दोन मुली सरकारी छापाचं भाषण पाठ करून येतात तेव्हा हाच म्हातारा त्यांची टिंगल करतो, त्यांची वाक्यं त्यांच्याआधी म्हणून दाखवतो. पोकळ शब्द ओळखणारा माणूस आहे तो. पण बाईच्या निष्ठेचा विषय आला की त्याच्याही तोंडून छापील मजकूरच बाहेर पडतो. आणि त्याच्याच छपराखाली राहणारी, त्याच्याच मुलाची प्रेयसी ते ऐकते आणि रेल्वेकडे धावत सुटते. आत्महत्येच्या टोकावर असताना ट्रकखाली येऊ घातलेला एक छोटा मुलगा ती वाचवते. त्याचं नाव निघतं बोरिस.

(हा शेवटचा योगायोग मला जरा जास्तच वाटतो. पण ते दृश्य इतक्या वेगाने जातं की विचार करायला वेळ मिळत नाही.)

तर, प्रेक्षकांची मतं. ख्रुश्चेवला वेरोनिका अजिबात आवडली नाही, आणि त्याने तिला बाजारू बाईच्या पंक्तीत बसवलं असं सांगितलं जातं. म्हणजे ज्याच्या भाषणामुळे हा सिनेमा शक्य झाला, त्यालाच नायिका पचली नाही. गंमत अशी की फ्रान्समध्ये सिनेमा गेला तेव्हा नावातले क्रौंच बदलून दुसरेच पक्षी, स्टॉर्क, घालावे लागले. कारण असं सांगतात की फ्रेंच बोलीत क्रौंचासाठी जो शब्द आहे त्याचा दुसरा अर्थ वेश्या असा होतो. मॉस्कोत जी शिवी नायिकेला बसली ती पॅरिसमध्ये शीर्षकातून वगळावी लागली! फ्रेंच प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. त्यांना रशियात एक रडणारी, गोंधळलेली, सुंदर मुलगी राहते याचंच अप्रूप होतं. अमेरिकेत तो नोव्हेंबर १९५९ मध्ये पोचला, दोन देशांच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या करारातून, आणि बदल्यात मॉस्कोला 'मार्टी' हा अमेरिकन सिनेमा दाखवला गेला. बाहेरच्यांसाठी वेरोनिका म्हणजे 'रशियनसुद्धा माणसंच आहेत' याचा पुरावा. तिने वाट पाहिली की नाही हा त्यांच्या घरचा प्रश्नच नव्हता.

घरी मात्र होता. 'इस्कुस्स्त्वो किनो' या सोव्हिएत सिनेमासिकात माया तुरोव्स्काया या समीक्षिकेने १९५७ च्या अखेरीस लेख लिहिला, त्याचं नावच 'हो आणि नाही'. मला वाटतं त्या काळच्या सगळ्या चर्चेला हेच शीर्षक शोभेल. एक गट म्हणे, ती चुकली, पण भोगलंन तिने. दुसरा म्हणे, चुकली आणि सिनेमा तिला फार स्वस्तात सोडतो, खऱ्या निष्ठावान बायकांचा हा अपमान आहे. आणि हे दुसरं मत नुसतं ख्रुश्चेवसारख्यांचं होतं असं समजून हसण्यावारी नेऊ नये. बारा-पंधरा वर्षं एका बेपत्ता माणसाच्या नावाने राहिलेली बाई तिकीट काढून आत येते आणि पडद्यावर वाट न पाहिलेलीला हातात फुलं देऊन गौरवतात, हे तिला कसं वाटलं असेल? तिचा राग मला समजतो.

मी हा सिनेमा गेल्या शनिवारी ऑफिसमधल्या चौघांना दाखवला. तिथेही भांडण झालं, पण वेगळंच. एक जण म्हणाला, पण तिने त्या मार्कशी लग्न का केलं, घर सोडून जायचं. त्यावर टीममधली एक मुलगी एवढंच म्हणाली, "ती किती वेळा नाही म्हणाली ते मोजलंस का?" मग सगळे गप्प. आमच्या दृष्टीने त्या रात्री पियानोच्या खोलीत जे झालं त्याला एकच नाव आहे, आणि नंतरचं लग्न म्हणजे त्यावर टाकलेलं पांघरूण. आपल्याकडे हे काय परकं आहे? 'आता त्याच्याशीच लग्न लावून टाका' हे गावच्या बैठकीत आणि कधी कधी कोर्टाच्या आवारातसुद्धा ऐकू येतं. पण १९५७ मधल्या ज्या मतांबद्दल मी वाचलंय त्यांत हा मुद्दा जवळजवळ नाहीच. वाद होता तो 'तिने दगा दिला' आणि 'तिला माफ करावं' यांच्यात, म्हणजे दगा दिला हे दोन्ही बाजूंना मान्य.

तरीही आमच्या टीमच्या उत्तराने माझं समाधान झालं नाही. जबरदस्ती झाली म्हणून ती निर्दोष, हे बरोबर आहे. पण मग जबरदस्ती झाली नसती तर? समजा मार्क बरा माणूस असता. सिनेमा मार्कला कुठेच बरा ठेवत नाही. तो भित्रा आहे, त्याने लाच देऊन आणि काकांचं नाव वापरून सैन्यातून सूट मिळवलीय, आणि वर बोरिसने दिलेली ती खार तो दुसऱ्या बाईला वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकतो. तिथेच ती चिठ्ठी सापडते. मार्क जितका काळा, तितकी वेरोनिका पांढरी. ही मला या महान सिनेमातली खरी पळवाट वाटते. जबरदस्ती, नालायक नवरा, अनाथ मुलाला वाचवणं, आणि शेवटी परत वाट पाहायला लागणं, इतकी सगळी किंमत मोजल्यावर तिला माफी. एकट्या पडलेल्या, आईबाप गेलेल्या वीस वर्षांच्या मुलीने एखाद्या जिवंत, भल्या माणसाचा हात धरला असता तर तिच्या बाजूने उभं राहायची रोझोव्ह-कालातोझोव्हचीही तयारी होती का? मला शंका आहे.

दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, ग्रिगोरी चुखराईचा 'सैनिकाची गाथा' आला. तोही सुंदर सिनेमा, तोही जगभर गाजला. त्यात नायक सुट्टीवर घरी निघालाय आणि एका अनोळखी सैनिकाने आपल्या बायकोला द्यायला साबणाच्या दोन वड्या त्याच्याकडे सोपवल्यात. युद्धात साबण म्हणजे सोनं. तो पत्ता शोधत पोचतो, बाई दार उघडते, आत दुसरा माणूस राहतोय हे कळतं. तो साबण देऊन बाहेर पडतो, जिना उतरतो, परत वर जातो, साबण काढून घेतो आणि त्या सैनिकाच्या आजारी वडिलांना नेऊन देतो. प्रेक्षक म्हणून आपल्याला बरं वाटतं, मलाही वाटलं. ती बाई पडद्यावर जेमतेम काही मिनिटं असते. तिचं काय झालं, कसं झालं, हे विचारायला सिनेमा थांबत नाही.

'क्रौंच'चा शेवट विजयाच्या स्टेशनवर होतो. सैनिकांच्या गाड्या येताहेत, लोक माणसं शोधताहेत. पांढऱ्या कपड्यातली वेरोनिका हातात फुलं घेऊन पळतेय. बोरिसचा मित्र स्तेपान तिला सांगतो की तो मेला, आता शंका नाही. ती रडते, आणि मग ती फुलं एकेक करून भेटेल त्याला वाटत जाते. सिनेमा लागला त्या साली ९ मे ला सुट्टी नव्हती. विजयदिनाची सुट्टी १९४८ पासून बंद केली होती, ती थेट १९६५ मध्ये परत आली. तेव्हा १९५७ च्या प्रेक्षकांना हे जाहीर रडणं मिळण्याची जागा बहुतेक हे अंधारं थिएटरच होतं. डोक्यावरून क्रौंचांचा थवा जातो. (मेलेले सैनिक क्रौंच होतात ही कल्पना रसूल गमझातोव्हच्या ज्या गाण्यामुळे प्रसिद्ध झाली ते गाणं १९६९ चं, सिनेमा त्याच्या बारा वर्षं आधीचा. लोक नेहमी उलटं समजतात.)

मला शेवटी झाखारोव्हच्या त्या मैत्रिणीचं कुतूहल राहतं. वेरोनिकाची गोष्ट आपण तास-दीड तास पाहिलेली असते म्हणून डॉक्टरांचं भाषण आपल्याला टोचतं. पण ते भाषण मुळात तिच्यासाठी नव्हतंच, ते त्या दुसऱ्या मुलीबद्दल होतं, जी पडद्यावर येतच नाही. तिच्या घरावर बाँब पडला होता का, तिच्याकडे कुणी मार्क आला होता का, की तिला खरंच दुसरा कुणी आवडला, वॉर्डातलं कुणीच विचारत नाही. विचुगाच्या बाईचंही तेच. विचुगा हे इवानोवो भागातलं कापड गिरण्यांचं गाव. त्या भागातल्या गिरण्यांमध्ये कामाला मुख्यतः बायकाच असायच्या. तिने नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात काय होतं ते आपल्याला माहीत आहे ते फक्त तिच्यावर चिडलेल्या कवीकडून.